सहा ते सातचं मौन

ज्या तोंडाने रोज देवाचं नाव घेते, त्या तोंडाने खोटं बोलायचं नाही, एवढा एक नियम मी आयुष्यभर सांभाळलाय. हे हाताने लिहितेय, पण हाताला वेगळी सूट नाही.

तेव्हा विश्वास ठेवा, नका ठेवू. जे घडलं तेवढंच लिहिणार आहे.

माझी सून हे पेज वाचते. तीच म्हणाली, "आई, लिहून टाका एकदा. मनात ठेवून नुसत्या कुढत बसता."

सुरुवात झाली दोन वर्षांपूर्वी. मंगळवार होता. थंडीचे दिवस. संध्याकाळी सहा ते सातच्या मधली वेळ.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. एका रांगेत तीन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. मधल्या खोलीत देवाचा कोपरा. मागे स्वयंपाकघर. मी आसनावर बसते तेव्हा पुढच्या खोलीचं दार माझ्यासमोर असतं आणि स्वयंपाकघर पाठीशी.

हे एवढं लक्षात ठेवा.

आमचे हे घरी बसून पुस्तकांची पानं लावायचे. छापखान्याकडून मजकूर यायचा, हे तो कॉम्प्युटरवर नीट मांडून परत पाठवायचे. वीस वर्षं एकच टेबल, एकच फिरती खुर्ची. ती खुर्ची फिरली की करकरायची. तेल घाला म्हटलं तर म्हणायचे, "असू दे. मी जिवंत आहे हे कळतं तुला."

त्यांची एक सवय होती.

फार वर्षांपूर्वी मी त्याच कॉम्प्युटरवर माझ्या आईच्या तोंडची स्तोत्रं टाइप करत होते. दोन दुपारी खपून साठेक कडवी झाली होती. ती सेव्ह करायची असतात, हे मला कुठे ठाऊक! ह्यांनी संध्याकाळी येऊन मशीन बंद केलं... सगळं गेलं.

दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. मुलगा अजूनही चिडवतो, "आईचं पहिलं मौन ते. देवासाठी नव्हतं, बाबांसाठी होतं."

त्या दिवसापासून ह्यांनी मला विचारल्याशिवाय मशीन कधीच बंद केलं नाही. माझं काही काम असो वा नसो. खुर्ची माझ्या दिशेला करकरायची. मग हे घसा खाकरायचे. मग हाक यायची.

"अगं, तुझं काही राहिलंय का? बंद करू?"

आणि मी आतून म्हणायचे, "करा."

मी म्हटल्याशिवाय बोट हलायचं नाही. मी अंघोळीला असले तरी थांबायचे. एकदा मी खाली शेजारणीशी बोलत उभी राहिले, तर अर्धा तास खुर्चीत बसून होते. मी म्हटलं, "अहो, करायचं ना बंद!" तर म्हणाले, "एकदा पोळलोय. आता ताकही फुंकून पितो."

चौदा वर्षं. रोज. एकच प्रश्न, एकच उत्तर.

आता माझ्या मौनाबद्दल.

सुनेला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा मूल राहिलं नाही. दुसऱ्यांदा ती दवाखान्यातून घरी आली, त्या संध्याकाळी मी देवापुढे बसून बोलले. हिच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत रोज सहा ते सात मौन धरीन. शब्द नाही, खूण नाही, हुंकारसुद्धा नाही. घराला आग लागली तरी नाही.

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण निघून गेलं तोंडातून. आणि बोललेलं मागे घेता येत नाही.

ह्यांनी ते समजून घेतलं. पावणेसहालाच विचारायचे, "बंद करू?" मी "करा" म्हणायचे आणि आसनावर बसायचे.

त्या मंगळवारी मात्र काम अडलं होतं. एका जाड पुस्तकाची शेवटची प्रकरणं चालली होती. सहा वाजले, मी बसले. पुढच्या खोलीत खटखट चालूच होती.

मग कधीतरी खटखट थांबली.

खुर्ची करकरली...

घसा खाकरला...

"अगं, तुझं काही राहिलंय का? बंद करू?"

विसरले होते बिचारे.

मी ओठ घट्ट मिटले. म्हटलं, सात वाजले की सांगू. पुन्हा एकदा हाक आली. आवाज जरा बारीक वाटला. मी डोळे मिटून जपात बुडाले. मन लागलं की मला बाहेरचं काही ऐकू येत नाही.

सातला उठून गेले, तेव्हा हे खुर्चीत होते. खुर्ची माझ्या दाराकडे वळलेली. हात माऊसवर.

गेले होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय एका क्षणात थांबलं, तुम्ही शेजारी असता तरी काही करता आलं नसतं. सगळ्यांनी मला हेच सांगितलं. पण त्यांनी मला हाक मारली होती आणि मी ओ दिली नव्हती, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

कॉम्प्युटरवर चादर टाकली. त्या गडबडीत मशीन चालू होतं की बंद, हे कोण बघणार?

तेव्हा सून दोन महिन्यांची गरोदर होती. तिसऱ्यांदा.

चार महिने गेले. सहावा लागला तशी डॉक्टरीणबाईंनी तिला ऑफिसला जायला मनाई केली. घरात बसून ती कंटाळली. ह्यांनी तिला पानं लावायला शिकवलं होतं. एके दिवशी म्हणाली, "आई, बाबांचं पुस्तक अर्धवट राहिलंय. मी पुरं करू?"

मी चादर काढली.

पहिल्याच दिवशी साडेसहाला तिने मशीन बंद केलं. मी आसनावर होते. समोरच्या दारातून पडद्याचा निळा उजेड दिसत होता. तो मावळला. मशीनमधला पंखा थांबला.

शांत...

कुणी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघावी, तेवढा वेळ शांत.

आणि मग पंखा घरघरला. उजेड परत आला.

"अय्या, हे काय!" सून म्हणाली. पुन्हा बंद केलं. तेच. पुन्हा केलं. तेच.

सात वाजून गेल्यावर पहिल्या फटक्यात बंद झालं.

चार दिवस हेच चाललं, तेव्हा मुलाने त्याच्या शाळेतल्या मित्राला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. शाळेत असताना याने प्रयोगशाळेतली वीज घालवली होती, तेव्हापासून त्याचं नाव फ्यूज. आता टक्कल पडलं, तरी फ्यूजच.

"काकू, काळजी सोडा," तो मशीनचं झाकण काढत म्हणाला. "चालू न होणारी मशिनं लोक रोज आणतात. बंद न होणारं पहिलंच. तुमच्या घरात सगळेच कामसू."

त्याने आतली धूळ उडवली. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. वीज देणारा डबा नवीन बसवला. कसले कसले ड्रायव्हर काढून परत टाकले. ठरल्या वेळी आपोआप चालू व्हायची एक सोय असते म्हणे, तीही बंद केली. दुपारी बारा वाजता दहा वेळा बंद करून दाखवलं. दहाही वेळा मशीन गुपचूप झोपलं.

"झालं. आज्ञाधारक बाळ आहे."

त्या संध्याकाळी साडेसहाला... पुन्हा तेच.

तो मशीन दुकानात घेऊन गेला. तिथे तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकदाही चूक नाही. घरी आणलं की सहा ते सात हट्ट. शेजाऱ्यांकडून वायर ओढून वीज घेतली, तरी तेच. सुनेने साडेपाचलाच बंद करून पाहिलं, तर पावणेसातला मशीन आपलं आपण चालू झालं.

आणि एक गोष्ट फ्यूजला पटेना. मशीन नव्याने चालू झालं की पडदा मोकळा असायला हवा. पण दर वेळी बंद करायची पाटी उघडलेली असायची. आणि बाण त्या पाटीवर टेकलेला.

नुसता टेकलेला. दाबलेला नाही.

कुणीतरी बोट ठेवून थांबलंय असा.

"माऊस खराब," फ्यूज म्हणाला. माऊस बदलला. बाण तिथेच.

"अरे, तू दुरुस्ती करतोस की सत्यनारायण घालतोस?" मुलगा म्हणाला. "रोज येतोस, रोज चहा पितोस."

"गप रे. काकू, हा लहानपणापासून असाच का?"

मी हसले. पण माझं लक्ष बाणाकडे होतं.

मग फ्यूज म्हणाला, "प्रत्येक मशीन स्वतःची डायरी ठेवतं. कधी चालू झालं, कधी बंद झालं, नीट बंद झालं की मध्येच कोसळलं, सगळं. ती बघू."

तो यादी वर सरकवत गेला. लाल खुणा, लाल खुणा. "हे बघा, हे सगळे कोसळलेले. सगळे सहा ते सातमधले. त्याआधी चार महिने कोरे. आणि त्याच्याही आधी... हं. त्या वेळेचं शेवटचं नीट बंद झालेलं हे. मंगळवार." त्याने तारीख वाचली. "संध्याकाळी सहा चव्वेचाळीस."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

ती तारीख आमच्या घरात कुणाला सांगावी लागत नाही.

म्हणजे ह्यांनी त्या दिवशी मशीन बंद केलं होतं. स्वतः. नीट.

मला वाटलं, देवच धावला. हाक मारल्यावर त्यांना आठवलं असणार, अरे, हिचं मौन आहे. आणि त्यांनी केलं असेल बंद. माझ्या उत्तरावाचून ते ताटकळले नव्हते. चार महिन्यांनी त्या रात्री मला झोप लागली.

पण झोपेतून जाग आली ती एका विचाराने.

चौदा वर्षांत ह्यांनी उत्तर मिळाल्याशिवाय एकदाही बोट हलवलं नव्हतं.

आणि त्यांनी बंद केलं होतं, तर मग आता रोज संध्याकाळी कोण विचारतंय?

फ्यूजने हात टेकले. म्हणाला, "नवीन घ्या." पण पुस्तक त्यात होतं, जुन्या पद्धतीने लावलेलं. दुसऱ्या मशीनवर उघडलं की सगळी पानं विस्कटायची. तोवर भिंतीवरचं बटण बंद करा, म्हणाला.

ते केलं. वीजच नाही म्हटल्यावर मशीन चालू होईना.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. सून माझ्याजवळच्या पलंगावर आडवी होती, मुलगा अजून यायचा होता. पडदा काळा.

आणि खुर्ची करकरली...

दर मिनिटा-दोन मिनिटांनी. माझ्या दिशेला. सात वाजेपर्यंत.

सून पलंगावरून माझ्याकडे बघत होती. तिचा हात पोटावर होता.

सात वाजता मी म्हटलं, "वाऱ्याने असेल."

"खिडकी बंद आहे, आई." मग जरा थांबून, "बाबा रोज तुम्हाला विचारायचे ना? बंद करू म्हणून?"

मुलगा आल्यावर मात्र मी दोघांना सगळं सांगितलं. ती हाक, माझं गप्प बसणं, सगळं. मुलाचे डोळे भरले. तो म्हणाला, "आई, एक शब्द आहे गं. उद्या म्हणून टाक. देव काय हातात घड्याळ घेऊन बसलाय?"

"काही नको!" सून ताडकन उठून बसली. तिचा एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "दोनदा झालंय माझं. आई, तुम्ही बोलणार नाही. शप्पथ आहे तुम्हाला. बाबा ताटकळू देत. बाबा रागावणार नाहीत."

आता सांगा, मी काय करावं?

एकीकडे चौदा वर्षं माझ्या एका शब्दासाठी थांबणारा माणूस. दुसरीकडे न जन्मलेलं लेकरू. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते मी भोगलं.

मी पळवाटा शोधल्या, खोटं कशाला सांगू. भिंतीवरचं बटण पुन्हा चालू ठेवलं. पाच वाजता रिकाम्या खुर्चीपुढे उभी राहून म्हटलं, "करा हो. माझं काही राहिलं नाही." पावणेसातला मशीन चालू. सात वाजून एक मिनिटाने म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्या वेळी विचारलं, त्याच वेळी उत्तर हवं होतं.

मुलाने एक शक्कल काढली. "तुझा आवाज फोनमध्ये भरून ठेवतो. सहा ते सातमध्ये मी वाजवतो. मौन तुझ्या ओठांचं आहे, फोनचं नाही."

मला ते रुचलं नाही. आवाज तोंडापासून वेगळा काढून ठेवायचा... कसंतरीच वाटलं. पण माणूस बुडत असला की काडी धरतो. भर दुपारी फोनपुढे "करा" म्हटलं.

संध्याकाळी त्याने पुढच्या खोलीत फोन वाजवला. माझाच आवाज. पडदा विझला. पंखा थांबला.

शांत...

आणि घरघर सुरू.

"फसवलेलं कळतं त्यांना," सून हळूच म्हणाली. मुलाने तिथल्या तिथे ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तिघांसमोर. हेही लक्षात ठेवा.

सुनेला आठवा महिना लागला. पुस्तक संपत आलं. छापखान्याला शेवटची पानं हवी होती. गुरुवार होता. मुलगा कामावर. पानं पाठवता पाठवता तिला साडेसहा झाले.

मी आसनावर. दिवा समोर. हातात माळ.

तिने मशीन बंद केलं. ते परत चालू झालं. पुन्हा बंद. पुन्हा चालू. आधी मध्ये थोडी उसंत असायची, त्या दिवशी ती नव्हती. उजेड, अंधार, उजेड, अंधार, दारातून माझ्या अंगावर. मी माळ चुकले. तीस वर्षांत पहिल्यांदा मणी चुकला.

"आई!"

सून भिंतीला टेकून उभी होती. खुर्चीपासून चार हात लांब. दोन्ही हात पोटाखाली.

"आई, कळ येतेय. बोलू नका हं! काही झालं तरी बोलू नका!"

आणि तिच्या मागे, रिकामी खुर्ची... हळूहळू... माझ्याकडे वळली.

घसा खाकरला...

घरात आम्ही दोघीच होतो, मी आणि सून. आणि तो घसा आमच्यापैकी कुणाचा नव्हता.

शब्द आले नाहीत. प्रश्न आला नाही. फक्त ती वाट बघणारी शांतता. मला ती ओळखीची होती. चौदा वर्षं मीच ती मोडत आले होते.

सून कळवळत होती. मी तोंड उघडलं.

मी बोलणार होते का? ओठ उघडले होते, एवढं खरं. जीभ टाळूला लागली होती. पुढे मी शब्द सोडला असता की गिळला असता, ते मला आजही सांगता येत नाही. रोज देवाला विचारते. तोही मौनात आहे.

कारण तेवढ्यात...

माझ्या पाठीमागून, स्वयंपाकघरातून...

"करा."

माझा आवाज.

शांत, हातातलं काम न सोडता म्हणावं तसा. चौदा वर्षं म्हटलं तसा.

पडदा विझला. पंखा थांबला.

खुर्ची तिथेच राहिली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. उजेड परत आला नाही. सून भिंतीवरून घसरत खाली बसली आणि रडायला लागली. "कळ थांबली," म्हणाली. "आई, कळ थांबली. पण तुम्ही बोललात. तुम्ही का बोललात?"

मी हलले नाही. मागे वळून बघायचीही ताकद नव्हती. तोंड उघडंच होतं. सात वाजेपर्यंत मी तशीच बसले. पाठीला स्वयंपाकघराची गार हवा लागत होती.

सातला उठले. सुनेजवळ गेले. म्हटलं, "मी नाही बोलले."

"मी ऐकलं, आई."

"मीही ऐकलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलताय," ती म्हणाली. "पण तुम्ही खोटं बोलत नाही. तीच तर भीती आहे."

रात्री मुलगा आला. म्हणाला, रेकॉर्डिंग वाजलं असेल. मग त्यालाच आठवलं. ते त्याने पुसलं होतं, आणि फोन दिवसभर त्याच्या खिशात होता.  स्वयंपाकघरातले दिवे त्याने रात्रभर चालू ठेवले.

दुसऱ्या दिवशी फ्यूज आला. डायरी उघडली. "वा काकू! नीट बंद झालंय. काय केलंत?"

"काही नाही."

"मग श्रेय माझंच." तो हसला. मग पडद्याकडे वाकून म्हणाला, "गंमत बघा. सहा चव्वेचाळीस. त्या मंगळवारीही सहा चव्वेचाळीसच होतं ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.



मी महिनाभर समजत होते की ह्यांना माझं मौन आठवलं आणि त्यांनी आपलं आपण मशीन बंद केलं. नाही. ते तसे नव्हतेच. त्या मंगळवारीही त्यांनी उत्तर मिळाल्यावरच बोट हलवलं होतं.

मी जपात बुडाले होते.

त्या दिवशी त्यांना "करा" कोण म्हणालं?

आणि एकदा उत्तर मिळालं होतं, तरी ते रोज परत येऊन विचारत होते. का? मला एकच कारण सुचतं. त्यांना कळलं असावं, ती मी नव्हते. खऱ्या उत्तरासाठी ते येत होते. आणि खरं उत्तर देण्याआधी... पुन्हा तीच बोलली.

त्या गुरुवारनंतर ते कधी आले नाहीत. खुर्ची आता करकरत नाही. मी मुद्दाम फिरवून बघते, तरी नाही.

नात झाली. पूर्ण दिवसांची, सुदृढ, गोरी-गोमटी. सुनेच्या मांडीवर ती पहिल्यांदा हसली, त्या संध्याकाळी माझं व्रत पुरं झालं. नवस फेडला. लोक म्हणाले, तुमची पुण्याई.

पण मी मौन सोडलं नाही. सहा ते सात बसतच राहिले. भक्तीने नाही, हे देवाला माहीत आहे. मी गप्प असले तरच मला कळणार होतं, की बोलणारी मी नाही.

वर्षभर काही झालं नाही. नात रांगली, चालायला लागली. "आजी" म्हणायला शिकली.

मागच्या महिन्यात, सहा वाजून गेल्यावर, सून जिन्याजवळ कुणाशी बोलत होती. नात पुढच्या खोलीत फरशीवर डबे मांडत होती. मी आसनावर.

"आजी?"

मी गप्प. त्या वेळी आजी बोलत नाही, हे तिच्या अंगवळणी पडलंय.

"आजी?"

मी नुसती तिच्याकडे बघत होते.

आणि माझ्या पाठीमागून... लाडाने...

"ये गं बाई, इकडे ये."

पोरगी खुदकन हसली. उठली. दुडुदुडु धावत माझ्याकडे आली.

माझ्याजवळ थांबली नाही. माझ्या बाजूने पुढे निघाली. स्वयंपाकघराकडे.

"थांब!" मी ओरडले. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

ती मधोमध थबकली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

दोघींपैकी कुणाकडे जावं, तिला ठरवता येत नव्हतं.

मी तिला उचललं ते अजून सोडलेलं नाही.

आता सहा ते सात मी तिला मांडीवर घेऊन बसते आणि तासभर बोलत असते. न थांबता. स्तोत्रं, बाराखडी, भाज्यांची नावं, तोंडाला येईल ते. घसा बसतो. शेजारीण हसते, म्हणते, "सगळ्या जन्माचं मौन फेडताय वाटतं." मला एवढंच कळतं की मी बोलतेय तोवर दुसऱ्या कुणाला बोलायला जागा नाही.

पण माणसाला श्वास घ्यावा लागतो हो.

दोन शब्दांच्या मध्ये, क्षणभरच. तेवढ्यात नात मान जरा वाकडी करते. स्वयंपाकघराकडे कान देते.

आणि "हो" म्हणते.